विरोधक पाहिजे

मीटरकाकांना एक विरोधक हवा होता.

हे ऐकून कुणाला वाटेल, काका निवडणुकीला उभे असतील, नाहीतर कुस्तीला. तसं काही नव्हतं. काका म्हणजे वीज खात्याच्या मीटर तपासणी विभागातून निवृत्त झालेले, गुडघे कुरकुरायला लागलेले, जिना चढताना मधल्या पायरीवर उगाच नोटीस बोर्ड वाचत थांबणारे साधे गृहस्थ. 'मीटरकाका' हे नाव नोकरीवरून पडलं हे खरं, पण ते टिकलं त्याला दुसरं कारण होतं. काका एखाद्या विषयावर बोलायला लागले की इमारतीतले लोक एकमेकांकडे बघून "मीटर पडलं" म्हणायचे, आणि प्रत्येकाला घरी गॅसवर काहीतरी ठेवल्याचं आठवायचं.

विरोधक हवा होता तो निव्वळ बोलायला. आपण म्हणावं, "हे असं आहे." समोरच्यानं म्हणावं, "काहीतरीच काय!" बस, एवढीच माफक अपेक्षा. ही सोय त्यांच्याकडे आजवर घरातच होती. सकाळी वर्तमानपत्र आलं की त्याची वाटणी व्हायची. बाहेरची पानं काकांना, आतली काकूंना. काकांनी मथळा मोठ्यानं वाचायचा, त्यावर आपलं मत ठणकावून सांगायचं, आणि काकूंनी पानाआडून, मान वर न करता, ते मोडीत काढायचं. विषयाला बंधन नव्हतं. मतदान सक्तीचं असावं का, शाळेतल्या मुलांना फोन द्यावा का, आठवड्यात चारच दिवस काम केलं तर देश बुडेल का. देश बुडायचा की तरायचा ते ठरेपर्यंत चहा गार व्हायचा, आणि तो पुन्हा गरम कुणी करायचा यावर पुढची फेरी सुरू व्हायची. इतक्या वर्षांच्या संसारात काकूंनी काकांचं म्हणणं एकदाही मान्य केलं नव्हतं. काकांना त्याचा राग यायचा. निदान तेव्हा तरी त्यांना तो रागच वाटायचा.

काकूंना जाऊन आता वर्ष होत आलं होतं. एका सकाळी काकांनी सवयीनं मथळा वाचला, "सरकारी कचेऱ्यांत कारकुनांच्या जागी यंत्रं." मग घसा साफ करून म्हणाले, "मी म्हणतो, हे चुकीचं आहे."

स्वयंपाकघरात फ्रिज घरघरला आणि गप्प झाला.

"माणसाचं पोट मारून कसली आलीय प्रगती?" काकांनी आवाज चढवला. तरी काही नाही. थोडा वेळ गेला. "तसं पाहिलं तर," ते हळूच म्हणाले, "त्या कारकुनांनी तरी कुणाचं काम वेळेवर केलंय म्हणा." आणि हे ऐकून ते स्वतःच दचकले. आपलं नक्की मत काय, हे त्यांना सांगता येईना. आजवर मत आधी तोंडातून निघायचं, काकू ते खोडायच्या, आणि खोडलं म्हणून ते पक्कं व्हायचं. आता काहीही म्हटलं तरी ते हवेत तसंच लोंबकळत राहायचं. त्या सकाळी काकांना घर पहिल्यांदाच फार मोठं वाटलं, आणि भीती वाटली.

लेक होती, पण ती विमानानं जावं लागेल इतक्या लांब. दर रविवारी न चुकता फोन करायची. मात्र आई गेल्यापासून तिचं एक झालं होतं, बाबा काहीही म्हणोत, ती "हो बाबा" म्हणायची. काकांना आधी वाटलं, पोरगी शहाणी झाली. मग शंका आली. मीटर तपासणारा माणूस, शंका आली की चाचणी घेणारच.

"मला वाटतं," एका रविवारी ते म्हणाले, "सगळ्यांचे फोन गोळा करून समुद्रात टाकून द्यावेत."

"हो बाबा, खरंय."

पलीकडं भांडी वाजत होती. काकांनी दम घेतला.

"नाहीतर असं करावं, मूल जन्माला आलं की पहिल्याच दिवशी त्याच्या हातात एक फोन द्यावा."

"हो बाबा, तेही बरोबरच आहे. गोळ्या वेळेवर घेताय ना?"

काकांनी गोळ्या वेळेवर घेत असल्याचं सांगितलं आणि फोन ठेवला. गोळ्यांबद्दल कुणाचं दुमत नव्हतंच.

मग त्यांनी इमारतीत चाचपणी केली. समोरच्या दारातल्या ताई भल्या बाई होत्या. काकू गेल्यावर डबा पाठवणं, दिवे चालू राहिले तर बेल वाजवणं, सगळं करायच्या. काकांनी त्यांना दारातच गाठून विचारलं, की सरकारनं प्रत्येक नागरिकाला घरबसल्या पगार द्यावा की नाही? ताई म्हणाल्या, "अगदी बरोबर बोललात काका." काकांनी अजून काहीच म्हटलेलं नव्हतं. इमारतीच्या फोनवरच्या गटात त्यांनी कर कुणावर किती असावा याबद्दल एक लांबलचक मजकूर लिहून टाकला. त्यावर पुष्कळसे अंगठे आले, बरेच जोडलेले हात आले आणि एकानं गुलाबाचं फूल पाठवून 'शुभ सकाळ' म्हटलं. तेव्हा संध्याकाळ झाली होती.

तिसऱ्या मजल्यावर एक संगणकवाला राहायचा. घरूनच काम करायचा, म्हणजे दिवसभर खोलीत कुणाशी तरी इंग्रजीत दिलगिरी व्यक्त करत असायचा. त्यानं काकांची अडचण ऐकली आणि चुटकी वाजवली. "काका, कुठल्या जमान्यात आहात? तुमच्या फोनमध्ये बोलणारा मदतनीस टाकून देतो. चोवीस तास तयार. कधी कंटाळत नाही." कधी कंटाळत नाही हे ऐकून काकांना जरा लागलं, पण त्यांनी फोन दिला.

दुपारी ते फोन समोर उभा करून, अंगात शर्ट घालून बसले. "मतदान सक्तीचं करावं, असं माझं मत आहे," त्यांनी सुरुवात केली.

"वा! फारच विचार करायला लावणारा मुद्दा मांडलात!" फोन म्हणाला.

"कौतुक राहू द्या. तुम्ही माझ्या विरुद्ध बोला."

"नक्कीच!" असं म्हणून त्यानं सक्तीच्या मतदानाविरुद्ध असे काही मुद्दे काढले की काका खुर्चीच्या कडेला सरकले. कान तापले. किती दिवसांनी! त्यांनी बाह्या वर केल्या आणि म्हणाले, "थांबा, थांबा. तुमचा पहिला मुद्दाच चुकतोय."

"तुम्ही अगदी अचूक पकडलंत. माझी चूक झाली. तुमचंच म्हणणं योग्य आहे."

"अहो, लगेच? जरा ताणा की!"

"तुमच्या सूचनेबद्दल मनापासून आभार!"

काकांनी आयुष्यभर बिघडलेली मीटरं हाताळली होती. पण बिघडलेल्या मीटरलाही स्वतःचा असा एक हेका असतो. त्याला ठोका, हलवा, शिव्या द्या, ते आपला चुकीचा आकडा सोडत नाही. इथं नुसती फुंकर मारली तरी काटा फिरत होता. काकांनी फोन पालथा घातला आणि शर्ट काढून ठेवला.

दुसऱ्या दिवशी खालच्या नोटीस बोर्डावर, पाण्याच्या वेळापत्रकाशेजारी, काकांच्या रेखीव अक्षरात एक कागद झळकला. "विरोधक पाहिजे. संध्याकाळच्या वेळी, बोलण्यासाठी. विषय राजकारण, अर्थकारण, यंत्रं, समाज किंवा सुचेल तो. मत कुठलंही चालेल, फक्त माझं नसावं. चहा मिळेल. मीटरकाका, दुसरा मजला."

चहा पिऊन जायलासुद्धा कुणी आलं नाही. आले ते सेक्रेटरी, तेही धापा टाकत, हातात तो कागद घेऊन. हे सेक्रेटरी कितीतरी वर्षं बिनविरोध निवडून येत होते, त्यामुळे 'विरोधक' या शब्दाची त्यांना सवयच राहिली नव्हती.

"काका, माझं काही चुकलं का?" त्यांनी आत येताच विचारलं. "टाकी धुवायला उशीर झाला, मान्य आहे. पण म्हणून थेट विरोधक? एवढ्या वर्षांचे आपले संबंध!"

काकांनी त्यांना पाणी दिलं आणि सगळं समजावलं. आपल्याला सेक्रेटरी व्हायचं नाही, फक्त कुणीतरी आपल्याला नाही म्हणावं एवढीच इच्छा आहे. सेक्रेटरींचा जीव भांड्यात पडला. आणि जीव भांड्यात पडल्याबरोबर त्यांना नियम आठवले.

"असं कसं काका, बोर्डावर काहीही लावायला परवानगी लागते. रीतसर अर्ज करा. सोबत सगळ्या बिऱ्हाडांच्या सह्या जोडा, की आमची हरकत नाही म्हणून."

"पण मला हरकत असलेलाच माणूस हवाय!"

"तो नंतर शोधा हो. आधी कुणाची हरकत नाही हे तर सिद्ध करा."

यात काहीतरी गफलत आहे हे काकांना दिसत होतं, पण ज्याच्याशी त्यावर वाद घालावा तो माणूस तोवर खाली पोचला होता. मग काका कागद घेऊन दारोदार निघाले. लोकांनी इतक्या आपुलकीनं सह्या केल्या की काकांना रडू यायचं बाकी राहिलं. "जरा वाचा तरी," ते विनवायचे. "काका, तुमच्यावर विश्वास आहे," लोक म्हणायचे आणि भिंतीला कागद टेकवून सही ठोकायचे. तळमजल्यावरच्या दाताच्या डॉक्टरांनी एका हातात आरसा धरून दुसऱ्या हातानं सही केली. खुर्चीत तोंड उघडं टाकून पडलेल्या पेशंटनंही केली. तो तर या इमारतीत राहतही नव्हता.

वरच्या मजल्यावरच्या आजींनी तेवढी मान हलवून नकार दिला. काकांच्या काळजात एकदम दिवा लागला. "बोला ना आजी, काय हरकत आहे? अगदी मोकळेपणानं बोला. बसू का मी?"

"हरकत कसली रे," आजी म्हणाल्या, "चष्मा सापडत नाहीये मेला."

चष्मा काकांनीच शोधून दिला.

अर्ज इमारतीच्या समितीपुढं गेला. समितीला वाटलं की दोन माणसांनी बंद दाराआड राजकारणावर बोलणं हे काही बरं दिसत नाही. बोलायचंच तर सगळ्यांसमोर बोलावं, खालच्या हॉलमध्ये, रीतसर कार्यक्रम करून. काकांना हे फार लांब चाललंय असं वाटलं, पण सगळ्यांसमोर म्हणजे निदान त्यात एखादा तरी विरोधक निघेल, म्हणून ते कबूल झाले. मग विषय निघाला. दाताच्या डॉक्टरांनी सुचवलं, "वाद होणार नाही असा विषय घ्या." सगळ्यांनी माना डोलावल्या आणि 'यंत्रयुग: शाप की वरदान' असं ठरलं.

"अहो, हा निबंध मी शाळेत लिहिला होता," काका म्हणाले.

"म्हणूनच अध्यक्ष तुम्ही!" सेक्रेटरी म्हणाले. "तुमच्याइतकं ज्येष्ठ आहे कोण इथं?"

"पण मला बोलायचंय! एका बाजूनं!"

"छे, छे, अध्यक्ष तटस्थ हवा. शेवटी समारोपात बोला की थोडं."

अशा रीतीनं, ज्या माणसाला वाद घालायचा होता त्याच्यासाठी एक अख्खा वाद उभा राहिला, आणि त्यात गप्प बसण्याचा मान त्याला मिळाला. वर हातात एक घंटा दिली. पुढचा आठवडाभर जिन्यात भेटेल तो सल्ला देत होता. कुणी म्हणालं कोट घाला, कुणी म्हणालं कोटात गरम होईल. ताई म्हणाल्या, "काका, आवाज चढवू नका, तुमचा रक्तदाब!" गप्प बसायचंय म्हटल्यावर रक्तदाब कशानं वाढणार, हे विचारायचं काकांच्या ओठावर आलं होतं, पण त्या "अगदी बरोबर" म्हणतील या धास्तीनं त्यांनी विचारलं नाही.

कार्यक्रमाला गर्दी बरी होती. घडीच्या खुर्च्या होत्या, माईक किंचाळत होता. 'वरदान' बाजूनं दाताचे डॉक्टर उभे राहिले. 'शाप' बाजूला कुणीच मिळेना, म्हणून ताईंना उभं केलं होतं. दोघांनी फोन उघडले आणि वाचायला सुरुवात केली. दोघांचंही पहिलं वाक्य एकच निघालं, कारण दोघांनाही भाषण एकाच मदतनिसानं लिहून दिलं होतं. टाळ्या मात्र दोनदा पडल्या. काका घंटेकडं बघत बसून राहिले.

पण मग सेक्रेटरींना राहवेना. त्यांनी माईक ओढला. "या निमित्तानं एक आनंदाची बातमी देतो. आपल्या फाटकावर चेहरा ओळखणारं यंत्र बसतंय. चेहरा दाखवला की दार उघडणार. आता वॉचमनची गरज नाही!"

 आणि मग जो गदारोळ उठला, तो त्या हॉलनं कधी पाहिला नसेल. कुणाला विचारून ठरवलं? माझा चेहरा त्या यंत्रात साठणार, तो पुढं कुणाकुणाकडे जाणार? दाढी काढली तर मी घरात यायचं नाही का? वॉचमन तरी काय दिवे लावतो, दुपारी घोरत असतो! घोरेना का, माणूस आहे, त्याच्या पोटाचं काय? पोटाचा विचार करत बसलो असतो तर अजून कंदिलच लावत बसलो असतो! संगणकवाला खुर्चीवर उभा राहून म्हणाला, की यंत्रानं आज वॉचमनची नोकरी खाल्ली, उद्या माझी खाणार आहे, तुम्ही हसताय काय? आणि ताई, ज्यांनी आयुष्यात कुणाला नाही म्हटलं नव्हतं, त्या फोन बाजूला फेकून, "भावना बाजूला ठेवा" म्हणणाऱ्या दाताच्या डॉक्टरांवर ओरडल्या, "भावना बाजूला कशा ठेवायच्या? तुमच्या दाढेसारख्या उपटून?"

काका आनंदानं थरथरायला लागले. हेच! हेच तर हवं होतं! ते ताडकन उठले, तोंड उघडलं, बोट वर केलं.

"अध्यक्ष, खाली बसा!" दाताचे डॉक्टर म्हणाले.

"हो काका, तुम्हाला बोलता येणार नाही," ताई म्हणाल्या. त्या संध्याकाळी त्या दोघांचं एकमत झालं ते एवढ्यावरच.

काका बसले. घंटा वाजवली. ती कुणाला ऐकू आली नाही. भोवती सगळी इमारत मनापासून भांडत होती आणि मधोमध, हात असलेल्या उंच खुर्चीत, काका एकटेच होते. घरातल्या फ्रिजसमोरही त्यांना इतकं एकटं वाटलं नव्हतं.

घसे बसल्यावर कुणाला तरी समारोपाची आठवण झाली. काका माईकपुढं आले. वेळ त्यांची होती, पण मत कुठं होतं? त्यांनी समोर पाहिलं. सगळे दमून, भल्या चेहऱ्यानं, काहीही मान्य करायला तयार होऊन बसले होते.

"आमच्या घरी हा विषय निघाला असता," काका म्हणाले, "तर मी म्हणालो असतो, फाटकावर माणूसच हवा. त्यावर ही म्हणाली असती, 'अहो, यंत्र निदान झोपत तरी नाही.'"

लोक हसले. काकूंचा तो ठसका सगळ्यांना माहीत होता. काकांना धीर आला. मग ते एकदा डावीकडं वळून स्वतःचं बोलायला लागले, एकदा उजवीकडं वळून काकूंचं. तो म्हणे, ती म्हणे, असं बराच वेळ चाललं. हळूहळू त्यांना हॉलचा विसर पडला.

"मी म्हणालो असतो, अगं, यंत्र विचारपूस करत नाही. मी बाहेर पडलो की वॉचमन विचारतो, 'काका, कुठं निघालात? कधी येणार? गुडघा कसाय?' दिवसभरात मला एवढंच कुणीतरी विचारतं." काका थांबले. कुणी हसलं नाही. आता उजवीकडं वळायची पाळी होती, आणि त्यांना काही सुचेना. नेमकं इथंच काकू असं काही बोलायच्या की त्याला उत्तर नसायचं. ते काय असेल, हे काकांना कसं ठाऊक असणार? सगळे त्यांच्याकडं बघत होते.

"मग ती म्हणाली असती," काका तरी उजवीकडं वळले, "'पटलं हो तुमचं.'"

टाळ्यांचा कडकडाट झाला. ताईंनी डोळे पुसले. सेक्रेटरींनी यंत्र बसवणं पुढं ढकलल्याचं तिथंच जाहीर केलं. वॉचमननं नंतर हळूच सांगितलं, की तो तसाही पहिल्या तारखेपासून चालला होता, ती यंत्रं बसवणाऱ्या कंपनीतच, पण ते कुणी फारसं मनावर घेतलं नाही.

दुसऱ्या दिवसापासून काकांना जिना चढणं मुश्कील झालं. जो तो थांबवून म्हणायचा, "काय बोललात काका! शंभर टक्के पटलं!" आजवर निदान लोक न ऐकता हो म्हणत होते. आता ऐकून म्हणायला लागले. त्याला औषधच नव्हतं. समितीकडून नोटिशीची परवानगीही आली, शिक्क्यासकट. काकांनी ती ट्रंकेत टाकली. समारोपातलं ते शेवटचं वाक्य त्यांना राहून राहून आठवत होतं. वर्तमानपत्र सकाळी यायचं आणि संध्याकाळी घडी न मोडता रद्दीत जायचं.

आणि मग एका दुपारी, रविवार नसताना, लेकीचा फोन आला.

"बाबा, ताईंनी तुमच्या भाषणाचा व्हिडिओ पाठवलाय."

"हं," काका म्हणाले. आता ही "हो बाबा, छान बोललात" म्हणणार, म्हणून त्यांनी फोन कानापासून जरा लांबच धरला.

"काय बोललात हो तुम्ही हे?"

काकांनी फोन जवळ आणला.

"आई असं म्हणाली असती? आई? आणि 'पटलं हो तुमचं'? बाबा, आई आयुष्यात कधी कुणाला हे म्हणाली होती का?"

"अगं, कार्यक्रम होता. शेवट गोड करायचा म्हणून–"

"शेवट गोड करायला आईच सापडली? आणि तुम्हाला ठाऊक तरी आहे का, वॉचमनबद्दल तिचं काय म्हणणं होतं ते? तिला त्या चौकश्यांचा वैताग होता. कुठं निघालात, एकट्याच का, कधी येणार! ती मला फोनवर म्हणायची, तुझ्या वडिलांना कुणी विचारलं की माया वाटते, मला विचारलं की पहारा वाटतो. असं यंत्र आलं असतं तर सगळ्यात आधी तिनं चेहरा दाखवला असता."

काकांनी फोन कानाशी घट्ट धरला. हे काकू त्यांना कधी बोलल्या नव्हत्या. किंवा बोलल्याही असतील, पानाआडून, आणि ते तेव्हा पुढचा मथळा शोधत असतील.

"तुम्ही तिला हो म्हणायला लावलंत बाबा," लेकीचा आवाज फाटला. "आता ती नाहीये, तिला काहीही म्हणायला लावता येतं. म्हणून असं?"

"आणि तू?" काका एकदम उसळले. "तू काय करतेस? वर्षभर मला हो बाबा, हो बाबा! फोन समुद्रात टाका म्हटलं तरी हो!"

"मग काय करू?" ती रडतच ओरडली. "एकटे आहात तुम्ही तिथं! एवढ्या लांबून तुमच्याशी भांडायचं, आणि फोन ठेवल्यावर तुम्ही त्या घरात तसेच बसून राहणार! मला झोप लागेल का?"

"अगं, बसू देत की! निदान रागात बसेन! उद्या तुला काय सुनावायचं त्याचा विचार करत बसेन!" काकांचाही आवाज चिरकला. "तुझ्या त्या 'हो'पेक्षा ते परवडलं गं."

 पलीकडं नाक ओढल्याचा आवाज आला.

"ठीक आहे," ती म्हणाली. "मग ऐका. तुमचा तो सगळा मुद्दाच चुकीचा आहे. तुम्हाला कुणी विचारत नाही, म्हणून एका माणसानं जन्मभर फाटकावर बसून राहायचं? तुमची विचारपूस करायला? हा कुठला न्याय? शेजारी कशाला आहेत? मी कशाला आहे? आणि आईनं ऐकलं असतं ना, तर तिनं तुम्हाला हॉलमधून घरी येईपर्यंत सोलून काढलं असतं."

काका खुर्चीत बसले. लेकीचं म्हणणं बरोबर होतं. शब्दन् शब्द बरोबर होता, आणि काकूंबद्दलचा तर सगळ्यात जास्त. त्यांना ते असं पटलं होतं की डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि पुसायचं भान नव्हतं.

"बाबा? आहात ना?"

काकांनी बाही नाकाला लावली, पाठ ताठ केली, आणि वर्षभरात भरला नव्हता एवढा मोठा श्वास छातीत भरून घेतला.

"काहीतरीच बोलतेस!" ते गरजले. "एक नंबरचा चुकीचा मुद्दा! हं, बोल पुढं."